बसून न संपणारी ओळ

इस्तारी जाळं विणायला बसला की किती वेळ बसायचा, हे खरं सांगितलं तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल, म्हणून थोडं कमी करूनच सांगतो. एका पावसाळ्यात त्याच्या पाठीला लागून वाळवीनं वारूळ उभं केलं. ते खांद्यापर्यंत आलं तेव्हा त्याची बायको कुंता हिनं ते खराट्यानं पाडलं. दुसऱ्या एका वर्षी शेजारची कोंबडी त्याच्या मांडीवर खुडूक बसली आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं घेऊनच खाली उतरली. पडवीत त्याच्या बसायच्या जागी जमिनीला असा खड्डा पडला होता की पावसाचं पाणी त्यात साचायचं, आणि त्या पाण्यात मी स्वतः झिंगे पाहिले आहेत. नुसते पाहिले नाहीत, कुंतानं ते तळून मला वाढलेही होते. तेव्हा निदान झिंग्यांपुरता तरी माझ्यावर विश्वास ठेवा.

आमचं गाव आरमोरीपासून दोन कोसांवर. आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि गावाच्या उशाला मालगुजारांच्या काळचा मोठा तलाव. निम्मं गाव त्या तलावातल्या मासोळीवर जगतं. त्या निम्म्या गावाची जाळी इस्तारी विणायचा, आणि त्याचं जाळं म्हणजे काय सांगू! त्यातला प्रत्येक डोळा दुसऱ्यासारखा. पाण्यात टाकलं तर पाण्याला कळायचं नाही. मासोळ्या त्यात आपण होऊन येतात आणि नक्षी बघता बघता सापडतात, असं मी म्हणायचो. इस्तारी हसायचा, पण नाही म्हणायचा नाही.

तो एवढा बसायचा त्यामागे कारण होतं. जाळं विणणाऱ्यांचा आमच्याकडे एक नेम आहे. ओळ सुरू केली की ती पुरी झाल्याशिवाय उठायचं नाही. ओळ अर्धी टाकून उठलं, तर ज्या डोळ्यावर हात थांबला तिथूनच मासोळी निसटते. मग पाणी हवं असो की बिडी, बायकोला हाक मारायची. आणि इस्तारीसारखा कारागीर एक ओळ संपवून लगेच दुसरी धरायचा, दोन ओळींच्या मधे श्वास घ्यायलासुद्धा थांबायचा नाही.

आता खरी गोष्ट. वैशाखात तलावाचं पाणी उतरलं की सारं गाव मिळून एकदा लांब जाळ्यानं तलाव ओढतं, ती ओढ. जाळ्याच्या एका टोकाची दोरी घेऊन एक माणूस सगळ्यांच्या आधी पाण्यात शिरतो, गळ्याइतक्या पाण्यातून पलीकडच्या काठाला जातो, आणि मग जाळं फिरवायला बाकीचे उतरतात. या दोरीला पहिली दोरी म्हणतात. ती इस्तारीच्या घराण्याकडे होती. त्याच्या बापानं धरली, आजानं धरली. त्याच्या आयुष्यात दुसरा मान नव्हता, आणि त्याला दुसरा हवाही नव्हता.

सन दोन हजार पाचच्या वैशाखात दोरी घेऊन तो मधोमध पोचला आणि त्याचे पायच गेले. डोळ्यांपुढे अंधारी आली. पाण्यावर नुसता पटका तरंगताना दिसला. हेमराजनं उडी मारली आणि त्याला केसाला धरून बाहेर काढलं. हेमराज म्हणजे मच्छीमार सोसायटीचा सचिव, तीस वर्षांचा, रेड्यासारखा मजबूत. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त पहिली दोरी हवी होती.

पुढच्या माघात सोसायटीची बैठक झाली तेव्हा तो म्हणाला, "इस्तारीभाऊ, औंदा दोरी मी धरतो. तुमी पारीवर बसून पाहा."

"बसूनच तर मरून राह्यले ते," कुंता बायकांतून म्हणाली.

सगळे हसले. इस्तारी हसला नाही.

कुंता दुसऱ्या दिवशी त्याला ओढत आरोग्य उपकेंद्रात घेऊन गेली. तिथं रीता सिस्टर होती. चंद्रपूरची बाई, चष्म्यावरून बघणारी, आणि एकदा म्हणाली ते म्हणालीच. कुठल्याशा शिबिरातून तिला शुगर मोजायचं छोटं यंत्र मिळालं होतं. तिनं इस्तारीच्या बोटाला टोचलं आणि यंत्राकडे बघत राहिली.

"जेवून किती वेळ झाला?"

"दोन घंटे."

"तीनशे अठरा. भाऊ, दिवसातून किती वेळ बसता जी?"

"बसतो कुठी सिस्टरबाई? जाळं विणून राह्यलो ना."

"फक्त जेवाले उठते," कुंता म्हणाली.

"खोटं नोको बोलू," इस्तारी म्हणाला, "जेवाले बी नाई उठत."

सिस्टरनं त्याला आरमोरीला डॉक्टरकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, चहातली साखर बंद झाली. पण तिचं समाधान झालं नाही. ती म्हणाली, "या गावात मी चाळीस जणांचं रक्त पाह्यलं. रोवणीवाल्या बायांचे आकडे खाली, तेंदूपत्ता तोडणाऱ्यांचे खाली. वर कोण? मास्तर, राशनवाला आन तुमी. तिघंबी बसणारे. जेवलेली साखर पायानं खपते भाऊ. पायच हलले नाई तर ती जाईल कुठी? गोळी सोडायची नाई. पण अर्ध्या घंट्याच्या वर एका जागी बसायचंबी नाई."

"आन ओळ?"

"कोनती ओळ?"

इस्तारीनं तिला नेम सांगितला. सिस्टरनं तो नीट ऐकून घेतला, हसली नाही, आणि म्हणाली, "मग दोरी हेमराजभाऊले देऊन टाका."

मग तिला काय वाटलं कोण जाणे. ती म्हणाली, "ओढीच्या दिवशी जेवणानंतर दोन घंट्यानं मी मोजतो. एकशे ऐंशीच्या खाली आला, तर पंचांपुढे मी स्वतः सांगतो का हा माणूस पाण्यात जाऊ शकते. वर आला, तर मीच सांगतो का नाई जाऊ शकत."

तीन महिने होते.

आता या गोष्टीतलं खरं डोकं कुणाचं, तर कुंताचं. मी आयुष्यात बरीच हुशार माणसं पाहिली, त्यातली अर्धी मीच तयार केली असतील, पण कुंतासारखी बाई रचता आली नसती. ती तीन दिवस कुणाशी बोलली नाही. चौथ्या दिवशी पहाटे उठली आणि घराच्या खांबापासून एक दोरखंड निघाला. तो विहिरीच्या रहाटाला वेढा घालून मारुतीच्या देवळाच्या खांबाला गेला आणि तिथून तलावाच्या पारीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, आंब्याला बांधला गेला. छातीएवढ्या उंचीवर, ताणून. लांबी म्हणाल तर तीनशे हात. बाहेरगावच्यांना मी दोन कोस सांगतो.

"हे काय वो?" इस्तारी म्हणाला.

"औंदाच्या ओढीचं जाळं. आजपर्यंत तुमी रुंदीकडून विणत होते. बारा हाताची ओळ, बसल्या जागी होते. आता लांबीकडून विणा. माझ्या माहेरी वैनगंगेच्या रेतीवर असंच विणते."

इस्तारीनं दोरखंडाकडे पाहिलं, आंब्याकडे पाहिलं. त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला.

"म्हंजे ओळ..."

"ओळ तीनशे हाताची. पुरी झाल्याशिवाय उठू नोका. कोन म्हणते उठा? पण बसून ती पुरी होत असन तर करून दाखवा."

नेम मोडला नाही आणि माणूस उभा राहिला! असा कायदा वकिलालाही सुचत नाही.

सिस्टरनं येऊन दोरखंड पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला, आणि एवढंच म्हणाली, "पायात चप्पल घालायची." त्या दिवसापासून इस्तारी नायलॉनचा दोरा कमरेला बांधून, हातात बांबूची सुई घेऊन गावातून चालू लागला. एक डोळा विणला की एक वीत पुढे. सकाळी घरून निघायचा, दुपारी आंब्यापाशी पोचायचा. जेवण कुंता तिथंच आणायची. जेवला की परतीची ओळ. लोकांना तर आयतीच करमणूक झाली.

"काय गा इस्तारी, कुठपर्यंत आला?"

"विहिरीपाशी."

"मारुतीपाशी मुक्काम करतो का?"

"तू भाकर आणत असशील तर करतो ना!"

जाळं जसं खाली उतरू लागलं तसे गावाचे हाल झाले. शाळेत जायचं तर जाळ्याखालून वाकून जावं लागे. वाकून वाकून मास्तरांची पाठदुखी गेली. ग्रामसेवकाची मोटरसायकल त्यात अडकली, ती सोडवायला अर्धा दिवस लागला, आणि सोडवल्यावर तिच्या चाकात एक मरळ मासोळी सापडली. ही मरळ मी पाहिली नाही, फक्त ऐकली आहे. तरी पंधरा दिवसांनी सिस्टरनं मोजलं तेव्हा तीनशे अठराचे दोनशे नव्वद झाले होते, हे मात्र मी तिच्या वहीत पाहिलं. मग दोनशे बासष्ट.

मग दसरूच्या पोरीचं लग्न आलं. वरात आली ती जाळ्यापाशी थांबली. नवरदेव घोड्यावर, त्याला खाली उतरून वाकावं लागलं. तो अजूनही सासरवाडीला आला की त्या जागी आपोआप वाकतो. पण इस्तारीचं तिथंच बिघडलं. जाळ्याचा कारागीर म्हणून त्याला मांडवात मानाची गादी मिळाली, आणि गादीवरून उठायचं कसं? दोन दिवस तो जिलेबीच्या ताटाजवळ बसून राहिला. तिसऱ्या दिवशी यंत्रानं दोनशे एक्क्याण्णव दाखवले.

त्या दिवशी तो आंब्याकडे गेलाच नाही. पडवीत आपल्या जुन्या खड्ड्यात जाऊन बसला. मी गेलो तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "जाऊ दे भाऊ. हेमराज जवान हाय. दोरी त्याले शोभून दिसन."

कुंता आतून सगळं ऐकत होती. ती टोपलीभर माती घेऊन बाहेर आली. "सरका," म्हणाली. तो सरकला. तिनं खड्ड्यात माती ओतली, पाणी शिंपडलं, धुम्मसानं ठोकून ठोकून बसवली आणि वरून शेणानं सारवून टाकलं. "ओलं हाय," ती म्हणाली, "चार दिवस इथी कोनी बसाचं नाई."

"मग मी बसू कुठी?"

"मले काय माहीत? गावभर जागा हाय. चालत चालत पाहा."

तो उठला. सुई उचलली. आणि मी तुम्हाला सांगतो, त्यानंतर इस्तारी घरात सकाळच्या चहापुरता बसला असेल तेवढाच. कुणाकडे गेला तर दारातच उभा राहून बोलायचा. त्याला बघून दुसऱ्यांनाही बसायची लाज वाटू लागली. राशनवाल्यानं दुकानातलं स्टूल काढून टाकलं. वैशाख लागला तेव्हा जाळं पुरं झालं होतं. सिस्टरच्या वहीत एकशे ब्याण्णव. ती म्हणाली, "किती गोळीनं झालं, किती पायानं, ते मले सांगता येत नाई. पण पायाबिगर झालं नसतं, एवढं सांगतो." कमी व्हायला बारा उरले होते.

ओढीचा दिवस उजाडला. आता आमच्याकडची एक रीत सांगायची राहिली, आणि सिस्टरला ती कुणी सांगितलीच नव्हती. पहिली दोरी धरणाऱ्याला त्या सकाळी सात घरांतून सात वाट्या खीर येते. नव्या तांदळाची, गुळाची. ज्या घरची वाटी उरली त्या घराच्या वाट्याला मासोळी येत नाही, अशी समजूत. वाट्या घेऊन बाया स्वतः येतात आणि रिकामी वाटी घेऊनच जातात.

इस्तारीनं पहिल्या वाटीला बोट लावून तोंडाला लावलं.

"हे काय खाणं झालं?" रुखमाबाई म्हणाली. ही गावातली सगळ्यात जुनी म्हातारी. तिचं वय शंभर असेल असं मी म्हणतो, ती ऐंशी म्हणते, बाई आहे. "लेका, तुह्या बापानं माझी वाटी चाटून पुसून देल्ली होती. माझ्या घरी मासोळी येऊ द्याची नाई का तुले?"

कुंतानं कपाळाला हात लावला. इस्तारीनं सात घरांकडे पाहिलं, सात बायांकडे पाहिलं, आणि सातही वाट्या रिकाम्या केल्या. त्याच्या जागी मी असतो तर मीही केल्या असत्या, पण मला आवडतात म्हणून. तो खाताना पोटात विष जात असल्यासारखा दिसत होता.

सिस्टर आली तोवर तासभर झाला होता. पंच घाई करत होते, ऊन चढत होतं. तिनं टोचलं.

"दोनशे त्रेचाळीस."

हेमराजनंसुद्धा खाली पाहिलं.

"पण दोन घंट्यानं मोजायचं ठरलं होतं," सिस्टर म्हणाली. "अजून एक घंटा बाकी हाय. मी थांबतो."

हेमराजनं आंब्याच्या सावलीत खाट टाकली. मनापासून टाकली, हे मी शपथेवर सांगतो. "बसा इस्तारीभाऊ. घाबरू नोका. टेका जरासे, थंडं पाणी प्या. निवांत बसले का आकडा आपोआप उतरते."

इस्तारी खाटेकडे निघाला. खाटेला हात लागणार तेवढ्यात कुंता ओरडली, "जाळं कोन आणन?"

जाळं दोरखंडावरून सोडून घरी ठेवलं होतं. दरवर्षी ते बैलगाडीनं यायचं.

"गाडी निंगाली असन ना," हेमराज म्हणाला.

"गाडी कुठी जाते? बैल मी सोडून देल्ले," कुंता म्हणाली. "सकाळीच. चराले गेले ते."

ती खोटं बोलत होती. भाच्याला तिनं आत्ता, आमच्यासमोर, डोळ्यानं खुणावून बैल सोडायला पाठवलं होतं. पण खोटं बोलावं तर असं. मी टोपी काढली.

मग काय! सारं गाव घराकडे. जाळं खांद्यावर घेतलं, एकामागे एक माणूस, सगळ्यात पुढे इस्तारी. आणि कुंता त्याच्याही पुढे. ती सरळ वाटेनं गेलीच नाही. "तिकडं काटे हाय," म्हणत तिनं सगळ्यांना तलावाच्या पारीवर चढवलं आणि पार धरून पुऱ्या तलावाला वळसा घातला. पुढचा माणूस सांडव्यापाशी पोचला तेव्हा मागचा अजून घरातून निघायचा होता, एवढं ते जाळं. इस्तारी खालमानेनं चालत होता. चप्पल फटफट वाजत होती. घाम पाठीवरून ओघळत होता.

"घाई नोका करू," सिस्टर छत्री घेऊन त्याच्या शेजारून चालता चालता म्हणायची. "दम लागन असं नाई चालायचं. बोलता आलं पाह्यजे. बोला काईतरी."

"काय बोलू?"

"काईबी."

"खीर लय गोड होती सिस्टरबाई."

एवढ्या ताणातही ती हसली.

आंब्यापाशी परत आलो तेव्हा तिनं घड्याळ पाहिलं. दोन तास होऊन वर पाच मिनिटं. इस्तारीला तिनं उभ्यानंच बोट पुढे करायला लावलं. थेंब पट्टीवर गेला. मी आजवर वाघाची वाट पाहिली आहे, रेल्वेची पाहिली आहे, पावसाची पाहिली आहे, पण त्या यंत्रानं जेवढा वेळ घेतला तेवढा कुणीच घेतला नसेल. पाच सेकंद म्हणतात. माझी दाढी वाढली.

सिस्टरनं यंत्र पंचांकडे वळवलं. "एकशे एकाहत्तर."

कुंता एकदम खाली बसली. लगेच उठली आणि म्हणाली, "चुकून बसलो."

सिस्टरनं त्याची नाडी पाहिली, डोळे पाहिले, गरगरतं का विचारलं. कमरेला वेगळा दोर बांधून त्याचं टोक काठावर कुणीतरी धरायचं, ही तिची शेवटची अट. ते टोक हेमराजनं आपण होऊन हातात घेतलं. "माझ्याकडं द्या," म्हणाला. "गेल्या साली बी मीच काढलं होतं, औंदा काढाची पाळी येऊ देत नाई." मघाशी म्हटलं ना, माणूस वाईट नव्हता.

इस्तारी पाण्यात उतरला. गुडघ्याइतकं, कमरेइतकं, छातीइतकं. मधोमध गेला तेव्हा सगळ्या काठानं श्वास रोखला. तिथं तो थांबला. का थांबला ते मला ठाऊक नाही. मग त्यानं दोरी वर उचलली, गळ्याइतक्या पाण्यातून पाय रोवत पलीकडे गेला, आणि ओल्या अंगानं काठावर उभा राहिला.

पलीकडच्या काठावरून जाळं ओढायला एकटा माणूस पुरत नाही. पहिल्या दोरीला जोडीदार लागतो, आणि तो कोण, हे दोरी धरणारा तिथूनच हाक मारून ठरवतो. गावातले चार-पाच गडी धोतर खोचून तयार उभे होते.

"कुंता!" पलीकडून आवाज आला.

गडी एकमेकांकडे बघायला लागले. बाई टोपली घेऊन काठावर मासोळी वेचते. पहिली दोरी बाईनं धरल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं. पंचांनी रुखमाबाईकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय पाहता गा?" म्हातारी म्हणाली. "विणलं त्यानं, पण चालवलं कोनं? जाऊ द्या तिले."

"काऊन बोलावून राह्यले जी?" कुंता या काठावरून ओरडली.

"दोरी भारी हाय! ये लवकर!"

"येतो! आधी लुगडं खोचू द्या! आन तवापर्यंत तिथी दगडावर बसू नोका!"

"बसलो नाई वो! हे पाहा, उभा हाय!"

ती पाण्यात शिरली. त्या दिवशी जाळ्यात किती मासोळी आली, हे मी सांगत नाही. खरा आकडा सांगितला तर तुम्हाला थोडा वाटेल, आणि मला वाटतो तो सांगितला तर सिस्टर वही काढेल. दोघं नवरा-बायको दुपार टळेपर्यंत दोरी ओढत उभे होते. मी मात्र सावलीत खाटेवर बसून पाहत होतो, आणि सिस्टर चष्म्यावरून माझ्याकडे.

"भाऊ," ती म्हणाली, "किती वेळ झाला?"

मी उठलो.